घरचं लिनक्स सफाईदार कशानं होतं

प्रश्न असा आहे: वडिलांचा २०१७ चा लॅपटॉप आहे. सातव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे या मशीनवर बसत नाही. विंडोजऐवजी चालणारं लिनक्स बसवून दिलं तर संगणकातलं काही न कळणाऱ्या माणसाला रोज वापरता येईल इतकं ते स्थिर आणि सफाईदार राहील का? की लिनक्सचं डेस्कटॉप अजून तिथवर पोचलेलंच नाही?

पोचलंय, पण शेवटचा एक टप्पा कुणीतरी हातानं पार करून द्यावा लागतो. तो टप्पा कुठला, हे मी सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं करतात.

मी साताऱ्यात संगणक दुरुस्तीचं काम करतो आणि २००८ पासून लोकांच्या घरी लिनक्स बसवून देतोय. निवृत्त शिक्षक, दुकानदार, शाळकरी मुलं असलेली घरं. पहिल्यापासून एक सवय ठेवली आहे: फोन आला की तक्रार त्याच माणसाच्या शब्दांत वहीत लिहायची. ती वही चाळली तर एक गोष्ट लगेच दिसते. कर्नेल (लिनक्सचा गाभा) कोसळला, फाइल सिस्टिम (डिस्कवरची फायलींची मांडणी) गेली, अशा नोंदी अगदी तुरळक आहेत. नोंदी आहेत त्या अशा: ‘मराठी टाइप होईना.’ ‘प्रिंट निघत नाही.’ ‘मशीन अडकलं, माउससुद्धा हलत नाही.’ ‘रोज कुठला तरी पासवर्ड मागतंय, तो कुठला ते माहीत नाही.’ ‘भाच्यानं पाठवलेली वर्डची फाइल वाकडी दिसते.’ ‘खालची पट्टीच गेली.’

यातली एकही तक्रार तंत्राच्या दृष्टीनं मोठी नाही. पण घरातल्या माणसाला संगणक म्हणजे याच गोष्टी. त्याच्या लेखी मशीन स्थिर असणं म्हणजे काल जे जिथं होतं ते आज तिथंच सापडणं. डेबियन या लिनक्सच्या जुन्या प्रकाराचे लोक ‘स्टेबल’ हा शब्द नेमका याच अर्थानं वापरतात. कधीच न बिघडणारं असा त्यांचा दावा नसतो. एकदा प्रसिद्ध झाल्यावर जागचं न हलणारं, फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या घेणारं, एवढाच अर्थ. घरासाठी हाच अर्थ बरोबर आहे.

म्हणून डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, निवडताना मी फार वेळ घालवत नाही. लिनक्स मिंट, सिनॅमन या डेस्कटॉपसह. मिंटची २२ ही मालिका उबुंटू या डिस्ट्रोच्या २४.०४ या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. विंडोज पाहिलेल्या माणसाला मेनू, पट्टी, घड्याळ सगळं अपेक्षेच्या जागी सापडतं. ज्या घरात मी वर्षातून एकदाच जाऊ शकतो तिथं डेबियनही चालतं. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ पासून वाय-फायचं फर्मवेअर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच येतं. त्याआधी नव्या माणसाला डेबियन बसवल्यावर पहिला धक्का बसायचा तो नेट न चालण्याचा.

दर आठवड्याला सगळं नवं देणाऱ्या डिस्ट्रो घरात देऊ नका. मला स्वतःला त्या आवडतात, मी माझ्या टेबलावर वापरतोही. पण २९ मार्च २०२४ ला काय उघड झालं ते आठवा. एक्सझेड नावाच्या एका साध्या कॉम्प्रेशन लायब्ररीत कुणीतरी चोरदार घुसवलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दुरून दुसऱ्या संगणकात शिरायला) जवळपास अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, आणि त्यातून ते सापडलं. ती बाधित आवृत्ती सगळ्यात ताजं घेणाऱ्या शाखांपर्यंत पोचली होती. डेबियन स्टेबल आणि उबुंटूच्या प्रसिद्ध झालेल्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना तिचा स्पर्शही झाला नाही. जुनं ठेवण्याचा हा फायदा सहसा कुणी मोजत नाही.

आता अपडेटचं. घरातल्या माणसाला अपडेटबद्दल काहीही विचारू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याला उत्तर माहीत नसतं, आणि ते माहीत असायची गरजही नाही. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये आपोआप अपडेटची सोय आहे, ती चालू करतो. पण त्याआधी टाइमशिफ्ट लावतो. टाइमशिफ्ट म्हणजे प्रणालीचा त्या दिवशीचा जसाच्या तसा फोटो. साध्या एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) डिस्कवर ते न बदललेल्या फायली पुन्हा साठवत नाही, आधीच्याच फायलीकडे बोट दाखवणारी हार्ड लिंक करून ठेवतं, त्यामुळे जागा फक्त बदललेल्या फायलींपुरतीच लागते. आठवड्याचे तीन फोटो ठेवले की पुरतात. अपडेटनंतर काही बिनसलं तर मागच्या फोटोवर परत जायचं. मशीन सुरूच होत नसेल तर मिंटच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून परत जायचं. शिवाय जुना कर्नेल मेनूत राहतोच. अपडेटनंतर स्क्रीन काळी पडली, तर सुरू होताना आधीचा कर्नेल निवडायला मी फोनवर सांगतो आणि संध्याकाळपर्यंत घरी पोचतो.

एक खबरदारी: टाइमशिफ्ट माणसाच्या स्वतःच्या फायली मुळात धरतच नाही. फोटो, कागदपत्रं यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. हे आधी नीट न सांगितल्यामुळे एका घरात लग्नाचे फोटो गेले. चूक माझी होती, आणि तेव्हापासून बॅकअपची बाहेरची डिस्क विकत घेतल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

‘मशीन अडकलं, माउससुद्धा हलत नाही’ या तक्रारीवर जरा थांबतो, कारण लिनक्स कच्चं आहे हे मत लोकांनी सगळ्यात जास्त वेळा हिच्यावरूनच बनवलंय. ४ जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की रॅम भरते. मग कर्नेल चालू प्रोग्रॅमची पानं, म्हणजे मेमरीतले तुकडे, डिस्कवर टाकायला आणि परत आणायला लागतो. फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर हे इतकं हळू चालतं की स्क्रीन गोठते. कर्नेलकडे शेवटचा उपाय असतो, एखादा प्रोग्रॅम बंद करण्याचा. पण तो फार उशिरा जागा होतो. माणूस तोवर बटण दाबून मशीन बंद करतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा प्रश्न कर्नेल विकसकांपुढे पुन्हा जोरात मांडला गेला, तेव्हाही उदाहरण हेच होतं: ४ जीबी रॅम आणि ब्राउझरचे टॅब. त्यानंतर फेडोरा या डिस्ट्रोनं ३२ व्या आवृत्तीत अर्लीऊम हा राखणदार मुळातच चालू करून दिला आणि ३३ व्या आवृत्तीत झेडरॅम आणलं.

या दोन्ही गोष्टी मी मिंटवर हातानं बसवतो. झेडरॅम म्हणजे डिस्कवर टाकायच्या गोष्टी रॅममध्येच दाबून, आवळून ठेवायच्या. डिस्कपेक्षा हे कितीतरी पटीनं वेगवान. आणि अर्लीऊम रॅम संपत आली की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वेळेत बंद करतो. बहुतेकदा तो ब्राउझरचा एखादा टॅब असतो. तो टॅब पुन्हा उघडायला सांगतो आणि बाकीचं मशीन चालू राहतं. लोकांना हे चालतं. पूर्ण मशीन गोठलेलं चालत नाही.

पण खरा उपाय हार्डवेअरचा. एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि आणखी ४ जीबी रॅम. या दोन वस्तूंशिवाय २०१७ च्या मशीनवर कुठलंही डेस्कटॉप सफाईदार वाटणार नाही, आणि मग दोष लिनक्सच्या माथी बसेल. त्याबरोबर लॅपटॉपची बॅटरीही बघा. आपल्याकडे जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते आणि तो चार्जरवरच चालत असतो. लाइट गेली की मशीन धाडकन बंद. २००९ मध्ये एक्स्ट४ नवीन असताना अशा वेळी सेटिंगच्या फायली शून्य आकाराच्या होऊन जायच्या, डेस्कटॉप कोरा करकरीत परत यायचा. थिओडोर त्सो यांनी कर्नेलच्या २.६.३० या आवृत्तीत त्यावर उपाय घातला आणि आता ती भीती जवळपास उरलेली नाही. तरी दिवसातून दोनदा वीज तोडून कुठलीच डिस्क जास्त जगत नाही. बॅटरी बदला.

आता मराठी. इथं माझा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो जायलाच हवा. बसवल्याबरोबर लिनक्समध्ये मराठी दिसतं. मजकूर मांडणारं हार्फबझ आता इतकं पक्कं झालंय की जोडाक्षरं तुटण्याचे दिवस गेले. फॉन्टचीही चणचण नाही: लोहित, नोटो, मुंबईच्या एक टाइपचा मुक्त. लोहित फॉन्टवर पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयात वर्षानुवर्षं काम झालं, हे आपल्याकडच्या फार लोकांना माहीत नसतं.

अडचण लिहिण्यात येते. आधी विचारा की माणूस आत्तापर्यंत कसं टाइप करत होता. सरकारी नोकरीत टायपिंगची परीक्षा दिलेले लोक अनेकदा मराठी टंकलेखन यंत्राचा कळफलक बोटांत घेऊन येतात. नव्या पिढीला रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटलेलं हवं असतं. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक येणारे त्या मानानं कमी, पण त्यांचं काम सगळ्यात सोपं. आयबस (भाषा बदलून टाइप करायचं साधन) लावून हवा तो कळफलक द्या आणि बाकीचे सगळे यादीतून काढून टाका. फक्त दोन भाषा, आणि त्या बदलायची एकच कळजोडी. यादीत चार पर्याय राहिले की चुकून तिसऱ्यावर जाऊन माणूस अडकतो आणि ‘मराठी टाइप होईना’ हा फोन येतो.

मग मी एक ओळ टाइप करून घेतो. ‘तऱ्हेतऱ्हेच्या ॲपमध्ये दऱ्याखोऱ्यांचे फोटो.’ त्यात मराठीची दोन खास दुखणी आहेत. ‘तऱ्हा’मधला चंद्रकोरीसारखा र नीट यायला ऱ हे नुक्ता असलेलं अक्षर लागतं. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की ते मिळतं, पण हे कुणीतरी सांगावं लागतं. नाहीतर ‘तर्हा’ लिहून लोक समाधान मानतात. आणि ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत आलं, त्यामुळे जुन्या कळफलकांत त्याची सोय नाही. अ वर वेगळा चंद्र ठेवून ते लिहिलं की काही फॉन्टमध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. ज्या कळफलकात ते सापडत नाही तिथं मी कळजोडी ठरवून देतो आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवतो. हा कागद मला फोनवरच्या कित्येक तासांपासून वाचवत आला आहे.

मराठी फायलींचं वेगळं. बाहेरून येणारी वर्डची फाइल बहुधा मंगल फॉन्टमध्ये असते, आणि मंगल लिनक्सबरोबर येत नाही. बदली फॉन्टच्या ओळीची उंची वेगळी असते, म्हणून दोन पानांचा अर्ज अडीच पानांचा होतो. इंग्रजीसाठी कार्लिटो आणि कॅलाडिया हे फॉन्ट बसवले की कॅलिब्री आणि कॅम्ब्रियातला मजकूर मापात बसतो. मंगलला तसा मापाचा जोडीदार मला अजून सापडलेला नाही. म्हणून मी सांगतो की पाठवायची फाइल पीडीएफ करूनच पाठवा, आणि येणारी फाइल छापायची असेल तर पाठवणाऱ्याकडूनही पीडीएफ मागा. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडआधीच्या फॉन्टमधला मजकूर आला तर तो इंग्रजी अक्षरांची भेळ दिसतो. तिथं फाइल बिघडलेली नसते, तिचं युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं.

प्रिंटरबद्दल थोडक्यात. वाय-फायवर एअरप्रिंट चालणारा कुठलाही नवा प्रिंटर लिनक्सला ड्रायव्हरशिवाय सापडतो. यूएसबी केबलचे काही जुने स्वस्त लेझर प्रिंटर मात्र कंपनीची स्वतःची भाषा बोलतात आणि त्यांच्यावर मी दिवसच्या दिवस घालवले आहेत. आता घालवत नाही. बसवण्याआधीच पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून त्याच प्रिंटरवर एक मराठी पान काढून बघतो. निघालं नाही तर घरच्यांना तिथंच सांगतो.

आणि तो ‘कुठला तरी पासवर्ड’. लॉगिनचा पासवर्ड नको म्हणून आपोआप लॉगिन लावलं जातं. मग ब्राउझर साठवलेल्या पासवर्डची तिजोरी उघडायला जातो, तिची किल्ली लॉगिनच्या पासवर्डमध्ये असते, आणि तो पासवर्ड कुणी दिलेलाच नसतो. म्हणून एक अनोळखी चौकट रोज सकाळी समोर येते. उपाय दोन मिनिटांचा आहे: आपोआप लॉगिन बंद करा आणि लक्षात राहील असा पासवर्ड ठेवा. पण ज्याला हे माहीत नाही तो माणूस या चौकटीला घाबरून बँकेचं संकेतस्थळ उघडणं सोडून देतो. एका आजींनी खरंच सोडलं होतं. त्यांना वाटलं कुणीतरी आत शिरलंय. हे त्यांनी मला चार महिन्यांनी सांगितलं.

अशा बारीक गोष्टींवर लिनक्सवाल्यांनी काही केलंच नाही असं नाही. उबुंटूनं २००९ मध्ये, ९.१० या आवृत्तीच्या वेळी, अशा शंभर बारीक खुपणाऱ्या गोष्टी दुरुस्त करायचं ठरवलं होतं. त्यांना ते कागदानं कापलेल्या जखमा म्हणायचे: एका माणसाला एका दिवसात दुरुस्त करता येण्यासारख्या, पण रोज चरचरणाऱ्या. केडीई या डेस्कटॉपच्या विकसकांनी २०२२ मध्ये नवख्या माणसाला पहिल्या १५ मिनिटांत भेटणाऱ्या चुका वेगळ्या काढून त्यांचा पिच्छा पुरवला, आणि त्यांचं आजचं प्लाझ्मा हे डेस्कटॉप वापरून बघितलं की त्या कामाचं फळ दिसतं. याउलट याच केडीईची ४.० ही आवृत्ती २००८ च्या जानेवारीत अर्धकच्ची बाहेर आली होती, आणि ग्नोम ३ या दुसऱ्या डेस्कटॉपनं २०११ मध्ये लोकांची सगळी सवयच मोडली. मी तेव्हा दोन्ही वेळा घराघरांत जाऊन समजूत काढत होतो. सिनॅमन त्याच अस्वस्थतेतून जन्माला आलं. नवं करायला माझा विरोध नाही. पण चालू असलेलं काढून घेताना ते कुणाच्या रोजच्या हाताखालचं आहे, हा विचार आधी व्हायला हवा.

२०२१ च्या नोव्हेंबरमधला प्रसंग मला फार बोलका वाटतो. लिनस सेबास्टियन या यूट्यूबवाल्यानं पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हे खेळांचं ॲप बसवायला घेतलं. पॅकेजच्या एका चुकीमुळे प्रणालीनं इशारा दिला की यामुळे अत्यावश्यक भाग निघून जातील, आणि खात्री असेल तर एक वाक्य टाइप करा म्हणून सांगितलं. त्यानं ते टाइप केलं आणि सगळं डेस्कटॉपच निघून गेलं. अनेकांनी त्याला दोष दिला: इशारा वाचला का नाही? पण खेळांचं एक ॲप बसवताना डेस्कटॉप उडू शकतं, हीच मुळात चूक. एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या विकसकांनी ते ओळखलं आणि पुढच्या आवृत्तीत ती वाटच बंद केली. आता अत्यावश्यक पॅकेज काढायला वेगळी सूचना मुद्दाम द्यावी लागते. दोष वापरणाऱ्याचा नसून दाराचा आहे असं मानून दार दुरुस्त करणं, मला हवी असलेली सफाई ती हीच.

दोन ठिकाणं अशी आहेत जिथं लिनक्स आज सर्वसामान्य हातांत बिनबोभाट चालतं. स्टीम डेक या खेळायच्या यंत्रात हार्डवेअर ठरलेलं, मूळ प्रणाली फक्त वाचता येणारी, आणि अपडेट दुसऱ्या कप्प्यात पूर्ण बसल्यावरच यंत्र तिकडे वळतं. आणि केरळच्या शाळा. तिथं सरकारची काईट ही संस्था उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवर स्वतःची प्रणाली बांधते, मल्याळम लिहिण्याची सोय आधीच जमवून देते, शिक्षकांना प्रशिक्षण देते, आणि पाठ्यपुस्तकं त्याच सॉफ्टवेअरवर बेतलेली असतात. मुलांनी वर्गात जे पाहिलं तेच घरी नेता येतं. दोन्हीकडे शेवटचा टप्पा कुणाचा हे ठरलेलं आहे. आपल्या घरात तो टप्पा तुमचा.

काही घरांना मी स्पष्ट नाही म्हणतो. टॅलीवर हिशेब ठेवणारे, यूएसबी टोकनवरून डिजिटल सही करणारे, ऑटोकॅडवर किंवा डीटीपीवर पोट असणारे. वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) वापरून यातलं काही अर्धंमुर्धं चालवता येतं, पण मार्चअखेरीला ते बंद पडलं तर त्या माणसाचं नुकसान मी भरून देऊ शकत नाही. व्हॉट्सॲप वेब, यूट्यूब, सातबारा बघणं, बँक, मेल, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, पत्रं लिहिणं एवढं असेल तर निःशंकपणे हो.

तर तुमच्या वडिलांसाठी. आधी आठवडाभर ते त्या लॅपटॉपवर काय काय करतात ते शेजारी बसून बघा, विचारू नका; विचारलं की ‘काही विशेष नाही’ म्हणतील. मग पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे तपासा. सगळं ठीक असेल तर एसएसडी आणि रॅम आणा. विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर शेजारी ठेवायचा मोह होईल, तो टाळा. दोघं घड्याळ वेगळ्या पद्धतीनं ठेवतात, त्यामुळे वेळ साडेपाच तासांनी चुकते. विंडोज अर्धवट बंद होतं, मग लिनक्सला ती डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. वडिलांना हे कशाला?

त्याऐवजी जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट बाहेर काढून ठेवा. आठशे-हजाराच्या आतल्या यूएसबी डबीत ती बसते, आणि त्यावरचे फोटो, कागदपत्रं मिंटमध्ये सरळ उघडतात. फक्त काढण्याआधी विंडोज सुरू करून बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. असेल तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी किल्ली कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद डबीतच ठेवा.